वाचकांचे प्रश्न : निक्लॉस यांचा निरोप

मागील अंकात अमेरिकन गोल्फपटू जॅक निक्लॉस यांच्या निवृत्तीचा उल्लेख ओझरताच आला होता, तरी त्यावर बरीच पत्रे आली. काहींत कौतुक आहे, काहींत तक्रार आहे, आणि एका पत्रात तर जुने भांडण नव्याने उकरून काढले आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : जुलै 2005 मध्ये एका लहानशा दगडी पुलावर उभे राहून निक्लॉस हात हलवत होते, ते दृश्य मी दूरचित्रवाणीवर पाहिले. तेव्हा मला गोल्फमधले फारसे काही कळत नव्हते, तरीही डोळे पाणावले. निरोपासाठी तीच जागा का निवडली गेली असावी?

उत्तर : तो स्विलकन पूल, आणि ती स्पर्धा ब्रिटिश ओपन. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलकडे, म्हणजे टप्प्याकडे, जाताना तो लागतो आणि मोजक्या पावलांत संपतो. स्कॉटलंडमधले हे गाव गोल्फचे माहेरघर मानले जाते. ब्रिटिश ओपनच्या आपल्या तीन विजेतेपदांपैकी दोन, 1970 आणि 1978 ची, निक्लॉस यांनी याच मैदानावर मिळवली होती. शिवाय त्या काळी माजी विजेत्यांना वयाच्या 65 व्या वर्षापर्यंतच या स्पर्धेत थेट प्रवेश असे, आणि निक्लॉस यांनी त्याच वर्षी जानेवारीत पासष्टी गाठली होती. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने तर त्यांच्या छबीच्या, पाच पौंडांच्या वीस लाख नोटा काढल्या. राजघराण्याबाहेरच्या हयात व्यक्तीला स्कॉटलंडच्या नोटेवर स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पहिल्या दिवशी त्यांना 75 फटके लागले, दुसऱ्या दिवशी 72. शेवटच्या दोन दिवसांसाठी लागणारी पात्रता, जिला खेळाडू ‘कट’ म्हणतात, ती दोन फटक्यांनी हुकली. मात्र त्या शुक्रवारी अठराव्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, सुमारे पंधरा फुटांवरून त्यांनी चेंडू खळग्यात घातला आणि बर्डी साधून, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा एक फटका कमी घेऊन, मेजर स्पर्धांतला, म्हणजे मास्टर्स, अमेरिकन ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए या चार प्रमुख स्पर्धांतला, कारकिर्दीतील शेवटचा होल संपवला. सोबत खेळणाऱ्यांत त्यांचे जुने प्रतिस्पर्धी टॉम वॉटसन होते आणि पुलावर त्यांचेही डोळे भरून आले होते, तेव्हा आपल्या अश्रूंचे आपण वाईट वाटून घेऊ नये. वॉटसन यांच्या तेथे असण्याला जो अर्थ होता, त्याकडे पुढच्या एका उत्तरात येतो.

प्रश्न : खेळाडूने शिखरावर असताना थांबावे, असे मला वाटते. निक्लॉस यांनी शेवटची मेजर स्पर्धा 1986 मध्ये जिंकली आणि निवृत्ती घेतली 2005 मध्ये. ही एकोणीस वर्षे त्यांनी आपल्याच कीर्तीवर काढली, असे म्हणावे का?

उत्तर : आपला नियम काटेकोरपणे लावायचा, तर निक्लॉस यांनी 1980 मध्येच थांबायला हवे होते. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन ओपन आणि पीजीए अशा दोन मेजर स्पर्धा जिंकल्या होत्या आणि वय चाळीस झाले होते. याहून साजरे शिखर कोणते? पण मग 1986 ची मास्टर्स घडलीच नसती. त्या स्पर्धेच्या तोंडावर एका वर्तमानपत्राने ते संपल्याचे लिहिले आणि त्यांच्या एका मित्राने ते कात्रण, रोज नजरेस पडावे म्हणून, शीतकपाटाच्या दारावर चिकटवून ठेवले. रविवारी 46 वर्षांच्या निक्लॉस यांनी शेवटचे नऊ होल 30 फटक्यांत आणि संपूर्ण फेरी 65 फटक्यांत पूर्ण करून ग्रेग नॉर्मन व टॉम काइट यांना एका फटक्याने मागे टाकले. मास्टर्स जिंकणारे सर्वांत वयस्क खेळाडू ते आजही आहेत.

शिखर कोठे होते हे उतरणीला लागल्यावरच कळते, तेही बघणाऱ्यांना आधी कळते असे नाही. 1998 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, ते त्याच मास्टर्समध्ये संयुक्त सहावे आले. कीर्तीवर दिवस काढणारा माणूस असा खेळत नाही. त्यानंतरच्या वर्षांत खेळ ओसरला, हे मात्र मान्य करायलाच हवे.

प्रश्न : निक्लॉस यांची 18 मेजर विजेतेपदे आणि टायगर वूड्स यांची 15. मग थोर कोण, हा वाद आकड्यांनीच मिटलेला नाही का? आमच्या घरी या प्रश्नावर दोन तट पडले आहेत.

उत्तर : आपल्या घरातील तट मोडण्याचे सामर्थ्य या स्तंभात नाही, आणि मला तो वादच थोडा कंटाळवाणा वाटतो. वूड्स यांच्या बहराच्या काळातील वर्चस्व त्यांच्या चाहत्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे, इतके ते मोठे आहे. मला निक्लॉस यांच्याविषयी दुसराच आकडा अधिक बोलका वाटतो आणि तो आहे 19. इतक्या वेळा ते मेजर स्पर्धांत दुसरे आले.

पहिली वेळ 1960 च्या अमेरिकन ओपनची. तेव्हा ते वीस वर्षांचे हौशी खेळाडू होते आणि त्या काळचे लोकप्रिय खेळाडू आर्नोल्ड पामर यांच्यापेक्षा त्यांना अवघे दोन फटके जास्त लागले. शेवटची वेळ 1983 च्या पीजीए स्पर्धेची. तेथे हॅल सटन यांच्यापेक्षा एक फटका जास्त लागला. तेवीस वर्षे हा माणूस विजेत्याच्या इतका जवळ उभा राहिला की जिंकणाऱ्याला त्याच्याकडे पाठ फिरवता आली नाही. या एकोणीस वेळांपैकी चार वेळा ली ट्रेव्हिनो जिंकले आणि चार वेळा टॉम वॉटसन.

वॉटसन यांच्यापुढचा सर्वांत गाजलेला पराभव 1977 चा, स्कॉटलंडमधल्याच टर्नबेरी येथील ब्रिटिश ओपनचा. पहिले दोन दिवस दोघांना अगदी सारखे फटके लागले, तिसऱ्या दिवशी एकत्र खेळताना दोघांनीही 65, आणि शेवटच्या दिवशी वॉटसन 65, निक्लॉस 66. एकूण 268 आणि 269. तिसऱ्या क्रमांकावरील खेळाडू निक्लॉस यांच्याही दहा फटके मागे होता, म्हणजे स्पर्धा खऱ्या अर्थाने दोघांतच उरली होती. शेवटच्या होलवर निक्लॉस यांनी बऱ्याच लांबून चेंडू खळग्यात घालून वॉटसन यांच्यावरचे दडपण अखेरच्या क्षणापर्यंत टिकवले. वॉटसन यांनी आपला छोटा फटका पूर्ण करून करंडक जिंकला, आणि दोघे मैदानाबाहेर पडले तेव्हा निक्लॉस यांचा हात वॉटसन यांच्या खांद्यावर होता. अठ्ठावीस वर्षांनी स्विलकन पुलावर शेजारी असलेला आणि डोळे पुसणारा माणूस हाच. अठरा आणि पंधरा यांच्या वजाबाकीत हे कोठेच दिसत नाही.

प्रश्न : 1969 च्या रायडर चषकात, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संघांच्या लढतीत, निक्लॉस यांनी प्रतिस्पर्ध्याला शेवटचा फटका सोडून दिला, याचे फार कौतुक होते. पण बरोबरी झाली तरी चषक अमेरिकेकडेच राहणार होता ना? मग त्यात त्याग कोणता?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. रॉयल बर्कडेल येथे त्या वर्षी शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर निक्लॉस यांनी आपला चेंडू खळग्यात घातला आणि ब्रिटनच्या टोनी जॅक्लिन यांचा दोन-अडीच फुटांचा फटका न मारताच मान्य केला. सामना बरोबरीत सुटला आणि रायडर चषकाच्या इतिहासात प्रथमच 16-16 अशी बरोबरी झाली. आधीचा विजेता म्हणून चषक अमेरिकेकडेच राहिला. तरीही विजय आणि बरोबरी यांत फरक असतो, आणि तो फरक अमेरिकेच्या कर्णधाराला, सॅम स्नीड यांना, चांगलाच जाणवला होता; आपल्या खेळाडूचे हे औदार्य त्यांना रुचले नाही. जॅक्लिन त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकून आपल्या देशाचे लाडके झाले होते. घरच्या प्रेक्षकांसमोर एवढासा फटका चुकला असता, तर तेवढीच एक आठवण त्यांना जन्मभर चिकटली असती. निक्लॉस यांनी ती शक्यताच काढून टाकली.

यापेक्षा कमी बोलली जाणारी गोष्ट 1977 ची आहे. ब्रिटन आणि आयर्लंडचा संघ सतत हरत असल्यामुळे या लढतीतली चुरस संपत चालली होती, आणि युरोप खंडातील खेळाडूंना त्या संघात घ्यावे, असा आग्रह निक्लॉस यांनी धरला. 1979 पासून तसे झाले. पुढे युरोपने अमेरिकेला वारंवार हरवले, हे त्या सूचनेचेच फळ.

प्रश्न : मी पामर यांचा निस्सीम चाहता. निक्लॉस यांनी त्यांचे राज्य हिरावून घेतले, हे मी अजूनही विसरलेलो नाही. 2005 मध्ये सगळे रडत होते तेव्हा मी कोरडाच राहिलो. आपल्या मते यात माझे काही चुकले काय?

उत्तर : मुळीच नाही. आपण मोठ्या गर्दीतले एक आहात. 1962 ची अमेरिकन ओपन ओकमाँटला, म्हणजे पामर यांच्या घरापासून जवळच झाली, आणि बावीस वर्षांच्या निक्लॉस यांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत, 71 विरुद्ध 74 असा पामर यांचा पराभव केला. व्यावसायिक म्हणून त्यांचा तो पहिलाच विजय होता. प्रेक्षकांनी त्यांच्या स्थूल देहावरून त्यांची यथेच्छ टिंगल केली; लोकांच्या गळ्यातला ताईत बाजूला सारणारा मुलगा कोणाला आवडणार? निक्लॉस यांच्यावर लोकांचा जीव जडला तो पुष्कळ नंतर.

आपण कोरडे राहिलात, तरी पामर स्वतः मात्र या वैरात अडकून राहिले नाहीत. 2010 पासून मास्टर्सच्या आरंभीचा मानाचा फटका मारण्यासाठी पामर यांच्या जोडीला निक्लॉसही येऊ लागले आणि 2012 पासून गॅरी प्लेअर त्यांना सामील झाले. सप्टेंबर 2016 मध्ये पामर गेले. पुढच्या एप्रिलमध्ये मास्टर्सच्या मैदानावर, ऑगस्टाच्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, एक पांढरी खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर पामर यांचा, मास्टर्सच्या विजेत्याला मिळणारा, हिरवा कोट पांघरला होता. निक्लॉस यांनी टोपी काढून आकाशाकडे उंचावली, आणि मग चेंडू मारला.