देवदूत लढत असताना नायिका काय करते?

प्रश्न : मी पंधरा-सोळा वर्षांच्या ख्रिस्ती वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहे. तिच्यात नैराश्याने ग्रासलेल्या एका मुलीसाठी देवदूत आणि दुरात्मे झुंजतात. लढाईची प्रकरणे रंगली आहेत, परंतु हस्तलिखित वाचलेल्या मुलांना नायिकाच निर्जीव वाटते. काय करावे?

उत्तर : मुलांनी नेमके दुखणे ओळखले आहे. सारा निकाल अदृश्य जगातच लागत असेल, तर नायिकेच्या वाट्याला केवळ वाट पाहणे उरते, आणि नुकताच स्वतःचे निर्णय घेऊ लागलेल्या वाचकाला अशी नायिका आपली वाटत नाही. बायबलमधील दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १०वा अध्याय पुन्हा वाचा. पारसाच्या (पर्शियाच्या) राज्याचा अधिपती, म्हणजे त्या राज्यामागची अदृश्य शक्ती, देवाच्या दूताला २१ दिवस अडवून धरतो आणि प्रमुख देवदूत मीखाएल मदतीला आल्यावर तो दूत दानीएलाकडे पोहोचतो. इकडे दानीएल ते तीन आठवडे मांस आणि द्राक्षारस वर्ज्य करून शोक करीत आहे, त्या झुंजीची त्याला गंधवार्ताही नाही. तरीही दूत त्याला सांगतो, की तुझे शब्द पहिल्याच दिवशी ऐकले गेले आणि त्या शब्दांमुळेच मी आलो आहे. ही झुंज अवघ्या काही ओळींत उरकली आहे, हेही ध्यानात घ्या.

तुमच्या नायिकेने मैत्रिणीची बदनामी करणारा मजकूर मोबाइलवर लिहिला आहे आणि तिचा अंगठा पाठवण्याच्या खुणेवर थबकला आहे, असे समजा. तिथे दुरात्म्याला गुरगुरायला लावू नका. 'ती तरी तुझ्याशी कुठे नीट वागली?' एवढेच तो म्हणेल, तेही तिच्याच आवाजात. अंगठा मात्र तिचाच राहू द्या.

देवदूतांना बढाईखोर योद्धे करू नका. बायबलमधल्याच यहूदाच्या पत्रात मीखाएलही सैतानाची निंदा करण्यास धजत नाही, त्याला धमकावण्याचे काम तो प्रभूवर सोपवतो.

नैराश्याविषयी मात्र कळकळीने सांगतो. दुरात्मा पळाला आणि आजार गेला, असे कृपया दाखवू नका. औषधे घेणारी एखादी मुलगी ते वाचून गोळ्या बंद करील, किंवा आपल्यातच काही अशुद्ध आहे असे मानून गप्प बसेल. नायिकेसोबत प्रार्थना करणारी आणि तिला डॉक्टरांकडेही घेऊन जाणारी एखादी वडीलधारी व्यक्ती कथेत आणा.