आईला थायरॉइड, मावशीला थायरॉइड, मग बाळाला पण येणार का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय २७. आईला आणि मावशीला थायरॉइड कमी आहे, मला पण लग्नाआधीपासून आहे, रोज ५० ची गोळी चालू आहे. आता पाळी चुकली म्हणून घरी टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणतात पोटात बाळ असताना कसल्या गोळ्या खातीस, तीन महिने तरी बंद कर. कोबी-फ्लॉवर पण घरात आणायचं बंद केलंय त्यांनी. नणंद म्हणते तुमच्या घराण्यातच आहे म्हणजे बाळाला येणारच. दिराचं लग्न आहे म्हणून दवाखान्यात पुढच्या महिन्यात जायचं ठरलंय, तोपर्यंत काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अभिनंदन! गोळी एक दिवस पण बंद करू नका आणि पुढच्या महिन्याची वाट तर अजिबात बघू नका, याच आठवड्यात टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्ताची टेस्ट करून घ्या, लग्न होईल की त्याच्या वेळेला.

बघा, बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १२ आठवड्यांनंतर काम सुरू करते आणि त्याला पुरेल इतकं हार्मोन तयार व्हायला १८-२० आठवडे होतात. तोपर्यंत सगळं आईच्या रक्तातून जातं, आणि मेंदू घडायला सुरुवात होते ती याच काळात. म्हणजे सासूबाई जे तीन महिने गोळी सोडायला सांगतायत तेच नेमके सगळ्यात नाजूक. थायरॉइड कमी राहिलं तर गर्भपात, बीपी वाढणं, दिवस पूर्ण व्हायच्या आधी बाळंतपण, असे धोके वाढतात. ही गोळी म्हणजे शरीरात असतं तेच हार्मोन, बाळाला त्रास गोळीने नाही, ती सोडल्याने होतो.

उलट गरोदरपणात डोस वाढवावा लागतो, बहुतेक २५ ते ५० टक्के. बरेच डॉक्टर टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातच्या ऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मनाने वाढवू नका. टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो, पहिले पाच महिने दर चार आठवड्यांनी तपासायचा.

आता नणंदबाईंचं. आपल्याकडे बहुतेक बायकांत कारण असतं हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, टीपीओ अँटिबॉडीच्या टेस्टमध्ये ते कळतं. घराण्यात उतरतो तो कल, आजार नाही. अशा घरात कुणाला कोड, कुणाला लहानपणापासूनचा डायबिटीस पण दिसतो. बाळाला पुढे कधी होईल, कधीच होणार नाही, मुलगी असेल तर शक्यता जास्त एवढंच. जन्मतःच थायरॉइड कमी असणं ही वेगळी गोष्ट, हजार बाळांत एखाद्याला असतं आणि बहुतेकदा ग्रंथी नीट तयार न झाल्यामुळे, घराण्यामुळे नाही. पण बाळंतपण होईल तिथे बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासणी करतात का ते आधीच विचारून ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बाळ व्यवस्थित वाढतं.

कोबी शिजवून खा हो, काही होत नाही. सैंधव मिठाची फॅशन मात्र सध्या बाजूला ठेवा, आयोडीनचं साधं मीठच वापरा.

लग्नघरात डोळे उघडायच्या आत हातात चहाचा कप येतो, तिथेच गडबड होते. उठल्याबरोबर गोळी, नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या की त्या चार तासांनी, एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. आणि सोलापूरचा मे महिना आहे, बाटली खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, या गोळीला उष्णता आणि ओल दोन्ही चालत नाही.

बाळंतपणानंतर डोस परत पहिल्यासारखा करतात, सहा आठवड्यांनी टीएसएच बघायचा. अंगावर पाजताना गोळी चालते. तुम्हाला धाकटी बहीण असेल तर तिलाही दिवस राहायच्या आधीच एकदा तपासून घ्यायला सांगा.