भिंग, लेन्स आणि मसूर

प्रश्न असा आहे: मागून येणारा प्रकाश आपल्या गुरुत्वाने वळवणाऱ्या दीर्घिकेसारख्या (गॅलेक्सीसारख्या) वस्तूला, म्हणजे 'ग्रॅव्हिटेशनल लेन्स'ला, मराठीत 'गुरुत्वीय भिंग' म्हणतात, पण अवकाशात काच नाही, मग 'भिंग' कसं चालेल? सरळ 'लेन्स'च का म्हणू नये?

म्हणा की. पण आधी 'दीर्घिकेच्या गुरुत्वामुळे प्रकाशाचं अपवर्तन होतं' हे लिहिणं थांबवा. अपवर्तन म्हणजे हवेतून काचेत शिरताना वळतो तसं प्रकाशाचं वळणं; त्याला माध्यमात बदल लागतो, आणि त्यात निळा प्रकाश तांबड्याहून जास्त वळतो, म्हणून लोलकातून रंग फाकतात. दीर्घिकेजवळ माध्यम बदलत नाही. तिच्या वस्तुमानाने अवकाशकाळच वक्र झालेला असतो, आणि रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंत सगळे सारखेच वळतात. याला विचलन म्हणावं. (दीर्घिकेला 'आकाशगंगा' म्हणणाऱ्यांशी पुन्हा कधीतरी. आकाशगंगा एकच, आपली.)

आता लेन्स. भिंग म्हटलं की काच आठवते हे खरं, पण लेन्समध्ये तर डाळ आहे! लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे मसूर. वनस्पतिशास्त्रात मसुरीचं नाव आजही लेन्स क्युलिनॅरिस. दोन्ही बाजूंनी फुगीर काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसली आणि नाव चिकटलं. अरबीतही हीच गंमत: 'अदस' म्हणजे मसूर, 'अदसा' म्हणजे भिंग. जर्मनांनी तर दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे. मसुरीवरून शब्द आपल्याकडेही झाला, पण आयुर्वेदात 'मसूरिका' म्हणजे देवीचा रोग. पुळ्या मसुरीसारख्या म्हणून. भिंगाला नाव शोधताना आपले परिभाषाकार मसुरीच्या वाटेला गेले नाहीत ते यामुळेच, असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नका.

ऑलिव्हर लॉज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1919 मध्येच हरकत घेतली होती: सूर्याच्या गुरुत्वक्षेत्राला लेन्स म्हणता येणार नाही, त्याला नाभीय अंतरच (भिंगापासून किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर) नाही. भौतिकी बिनचूक, शब्दाची जाण शून्य. मसुरीला तरी कुठे नाभीय अंतर असतं?

भौतिकी बिनचूक कशी, ते पाहा. बहिर्वक्र भिंगात मधला किरण सरळ जातो आणि कडेचा सर्वांत जास्त वळतो, म्हणून सगळे नाभीत भेटतात. सूर्याजवळ नेमकं उलटं. कडेला चाटून जाणारा किरण 1.75 विकला वळतो (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). केंद्रापासूनचं अंतर दुप्पट केलं की वळण निम्मं. दीर्घिकेचं वस्तुमान पसरलेलं, त्यामुळे तिथे वळण बऱ्याच अंतरापर्यंत जवळपास सारखंच राहतं. म्हणून भिंगामागच्या तेजस्वी ठिपक्याचं कडं होतं, कमान होते, नाहीतर एकाचे दोन दिसतात. 1979 मध्ये सापडलेल्या क्यू 0957+561 या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) दोन प्रतिमांमध्ये सुमारे 6 विकलांचं अंतर आहे, आणि एकीच्या तेजात झालेला बदल दुसरीत सुमारे 417 दिवसांनी दिसतो. काचेच्या चांगल्या भिंगात एका बिंदूतून निघालेले किरण प्रतिमेपाशी एकाच वेळी पोचतात. गुरुत्वीय भिंगात दोन वाटांची लांबी वेगळी, आणि वाटेतल्या गुरुत्वाने होणारा उशीरही वेगळा.

असं भिंग काचेत घडवायचं तर आकार मसुरीचा नको, समईच्या बैठकीचा हवा: मध्ये उंच टोक, बाहेर पसरट होत गेलेली कड. वाइन ग्लासचा तळ जवळपास तसाच असतो. दांडा तळालगत कापून घ्या, कापलेली जागा पॉलिश पेपरने घासा (धार हात कापते), आणि आलेख कागदावर काढलेला काळा ठिपका त्यातून बघा. ठिपका बरोबर मध्याच्या मागे आला की कडं. जरा सरकवला की दोन कमानी, त्यातली एक मोठी. तळ कागदाला टेकवून धरलात तर काहीच दिसणार नाही, मध्ये काही सेंटीमीटर मोकळे हवेत. कड्याच्या काठाला रंगाची झालर दिसली तर ते काचेचं अपवर्तन. दीर्घिकेच्या कड्याला तशी झालर नसते.