गणपतीच्या तोरणासाठी उठावदार गाठींचा क्रोशे चौकोन कसा विणायचा? गाठी आतल्या बाजूलाच का जातात?

गाठी उलट बाजूच्या ओळीतच घालायच्या, कारण त्या विणणाऱ्याच्या पलीकडे फुगतात. सुलट ओळीत घातल्या की आत जाणारच.

फोर प्लाय लोकर, ४ मिमी सुई. १६ साखळ्या घालून दुसऱ्या साखळीपासून १५ सिंगल टाके. दुसरी ओळ (ही उलट बाजू): ३ सिंगल, १ गाठ, असं तीनदा, शेवटी ३ सिंगल. गाठ म्हणजे एकाच टाक्यात ५ अर्धवट डबल, म्हणजे प्रत्येक डबल क्रोशे टाक्याचा शेवटचा फास न संपवता सुईवरच ठेवायचा. सुईवर ६ फासे झाले की दोरा सगळ्यांतून एकदम ओढा. तिसरी ओळ साधी, सगळे सिंगल. चौथीत ५ सिंगल, गाठ, ३ सिंगल, गाठ, ५ सिंगल. अशा १७ ओळींत साधारण साडेतीन इंचांचा चौकोन होतो.

गाठ लोळत असेल तर तिच्या पुढचा सिंगल घट्ट घ्या. कड तिरकी जाते ती टाका गळल्याने, म्हणून प्रत्येक ओळीला १५ मोजाच.

तीन फुटी दाराला कोपऱ्यावर टांगलेले ७ चौकोन पुरतात. वरची साखळी दुहेरी दोऱ्याची घ्या, एकेरीला झोळ पडतो. बेळगाव-खानापूरकडच्या पावसात सुती दोरा ओल धरतो, अ‍ॅक्रिलिक बरं. पण ते वितळतं, समईपासून लांबच ठेवा.