वाचकांचे प्रश्न : .३०-०६ च्या पुंगळीतून ८×५७ ची पुंगळी

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. माझ्याकडे ८×५७ मापाच्या काडतुसाची जुनी जर्मन माउझर रायफल आहे आणि .३०-०६ स्प्रिंगफील्डच्या वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी आवरणे) पुष्कळ साठल्या आहेत. काडतुसे मी घरीच भरतो. या पुंगळ्यांना ८×५७ चा आकार देता येईल काय, आणि त्यात धोका कोठे आहे?

उत्तर : आकार देता येईल आणि तो देणे फारसे अवघडही नाही. ८×५७ चे मूळ काडतूस जर्मन सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारले, .३०-०६ अमेरिकेत १९०६ मध्ये आले. पण दोन्हींच्या बुडाचे माप जवळपास एकच, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर आहे. त्यामुळे पुंगळीचे बूड आहे तसेच चालते आणि बदल फक्त वरच्या भागात करायचा असतो : ६३.३ मिलिमीटरची लांबी ५७ वर आणायची आणि खांदा (पुंगळी जेथे अरुंद होते तो उतार) मागे सरकवायचा.

शक्यतो एकाच बनावटीच्या पुंगळ्या निवडाव्यात, त्या धुऊन त्यांना वंगणाचा पातळ हात द्यावा आणि पूर्ण लांबीच्या ८×५७ च्या डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या पोलादी हत्यारातून) हळूहळू काढाव्यात. खांद्यावर वंगण साचू देऊ नये, कारण डायमध्ये कोंडलेले तेल तेथे खळगे पाडते. नंतर मान (खांद्यापुढचा, गोळी धरून ठेवणारा अरुंद भाग) करवतीने किंचित लांब ठेवून कापावी, ट्रिमरवर (पुंगळीची लांबी नेमकी कापणाऱ्या यंत्रावर) ५७ च्या थोडी आत आणावी आणि तोंडाची खरखर आतून-बाहेरून काढावी.

खरी काळजी घ्यायची ती मानेची. वरचे सहा मिलिमीटर कापले गेले की जुन्या मानेचा थोडाच भाग शिल्लक राहतो, आणि नवी मान बव्हंशी जुन्या खांद्याच्या व त्याखालच्या पितळेची बनते. पुंगळीची भिंत बुडाकडे जाड होत जाते, म्हणून नव्या मानेचा खालचा भाग तोंडापेक्षा जाड राहतो आणि खांद्याजवळ आतून एक कडे तयार होते. गोळी खोलवर बसवली की ती या कड्याला अडते. भिंत केवळ ०.०५ मिलिमीटरने जाड असली तरी भरलेल्या काडतुसाच्या मानेचा व्यास ०.१० ने वाढतो. चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसते त्या जागेत) मानेला फुगायला जागा उरली नाही, तर गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. यासाठी भिंतीची जाडी गोल टोकाच्या मायक्रोमीटरने मानेच्या वर-खाली, दोन्हीकडे मोजावी. जाड मान बाहेरून तासावी आणि आतले कडे रीमरने (आतून तासणाऱ्या हत्याराने) काढावे. चेंबरचा साचा काढून मानेची जागा मोजून ठेवली तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. काडतूस उडवल्यानंतरची खूण अशी, की रिकाम्या पुंगळीत नवी गोळी बोटांनी सहज सरकली पाहिजे. अडकली तर उरलेली काडतुसे उडवू नयेत.

इतक्या घडाईने पितळ कडक होते, म्हणून मान आणि खांदा तापवून मऊ करावा, नाहीतर मानेला लवकर चिरा पडतात. तापवताना बूड पाण्यात बुडालेले असावे. मऊ पडलेले बूड दाब सोसत नाही आणि त्याला पुन्हा कडक करण्याचा घरगुती उपाय नाही.

दारूचे प्रमाण छापील तक्त्यातील किमान आकड्यापासून सुरू करावे, कारण जाड भिंतीमुळे, विशेषतः लष्करी पुंगळीत, आतली जागा कमी भरते. त्याआधी नळीही मोजून घ्यावी. जुन्या जर्मन रायफलींत .३१८ इंच आणि .३२३ इंच अशा दोन मापांच्या गोळ्या चालत; .३१८ च्या नळीत .३२३ ची गोळी भरू नये.

राहिला बुडावरचा छाप. पुंगळी ८×५७ ची झाली तरी बुडावर .३०-०६ च वाचायला मिळेल. हे काडतूस लांबीने आखूड असल्याने .३०-०६ च्या रायफलीत शिरू शकते, आणि मग ८.२ मिलिमीटरची गोळी ७.६२ च्या नळीत ढकलली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन काडतुसे अमेरिकन रायफलींत उडवल्याने त्या रायफली फुटल्याचे प्रकार घडले आहेत. तुमच्या घरी .३०-०६ ची रायफल असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : बाजारात तयार ८×५७ ची पुंगळी मिळते, ती घ्या. तरीही करायचेच असेल, तर डब्यावर ठळक नाव लिहा, बुडावर पक्क्या शाईची खूण करा आणि रायफलशेजारी दुसऱ्या काडतुसांचा डबा ठेवू नका.

प्रश्न : माझ्याकडे शेतीरक्षणासाठी परवान्याची .३१५ रायफल आहे. नाशिक जिल्ह्यात राहून मी असे घरी करू शकतो काय?

उत्तर : नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यास वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. शिवाय .३१५ चे काडतूस मुळात ८×५०आर मॅनलिखर आहे, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि .३०-०६ च्या पुंगळीतून ती कड निर्माण करता येत नाही. परवान्यावर मंजूर असलेली काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत.