लग्न ठरलं म्हणून नाच सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या चार ओळींत लग्न ठरल्याचा आनंद आणि मग पानभर एकच धास्ती: गोव्याच्या रात्री आता संपल्या, पस्तिशीनंतर क्लबमध्ये गेलं तर लोक हसतील. आणि शेवटी तुझा प्रश्न, "अक्का, तुम्ही बावन्नाव्या वर्षी कशा जाता?"

जाते, कारण क्लबमधलं ते डीजेचं संगीत मला आवडतं आणि त्यावर नाचायला आवडतं. एवढं कारण मला पुरतं. पण या वयापर्यंत नाच टिकवायचा असेल तर काही गोष्टी आत्तापासूनच अंगवळणी पडायला हव्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लोकांचं बघू. गौरी जागवायच्या रात्री साठीतल्या बायका पदर खोचून पहाटेपर्यंत झिम्मा-फुगडी घालतात. हरिनाम सप्ताहात सत्तरीतले माळकरी टाळ घेऊन पावली खेळतात. त्यांचं वय कुणी काढत नाही, उलट पोरी त्या बायकांकडून गाणी शिकून घेतात. मग तीच बाई गोव्यात वागातोरच्या क्लबात, नाचायच्या फ्लोअरवर उभी राहिली की 'शोभतं का हे' कुठून येतं? मला वाटतं लोकांना नाच खुपत नाही. दारू खुपते, आणि बाईमाणूस रात्री घराबाहेर असणं खुपतं. त्याला वाद घालून उत्तर देता येत नाही, वागूनच द्यावं लागतं. कुठं जाते, बरोबर कोण आहे, मुक्काम कुठं, परत कधी, हे मी नेहमी घरात सांगूनच निघते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनाही सांगायचे. "नाच की," म्हणायच्या, "पण रातचा घाट चढू नको."

तूही तुझ्या निपाणीकराला लग्नाआधीच सांग. त्याला नाचता यायलाच हवं असं नाही. आमच्या ह्यांना नाट्यसंगीतापलीकडं काही रुचत नाही. ते गोव्याला बरोबर येतात, मासे खातात आणि दहाला झोपतात. पण मला काय आवडतं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे, त्यामुळं मला कधी खोटं बोलावं लागलेलं नाही.

आता हे संगीत कुणी उभं केलं ते ऐक, म्हणजे संकोच थोडा कमी होईल. 1977 मध्ये शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला. फ्रँकी नकल्स तिथं रेकॉर्ड लावायचा. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले पुष्कळ समलिंगी. मोकळेपणानं नाचायला इतरत्र ज्यांना जागा नव्हती अशी ही माणसं. एकसारख्या ठोक्यावरचं हे नाचाचं संगीत, ज्याला हाउस म्हणतात, ते तिथून वाढलं. म्हणजे हा फ्लोअर मुळातच बाहेर ठेवलेल्यांसाठी मांडला गेला, आणि पन्नाशीची बाई तिथं उपरी ठरत नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना साथ करणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या टीआर-808 या तालाच्या आणि टीबी-303 या बासच्या यंत्रांच्या साथीनं राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि ऐकणारे चकित झाले, कारण त्याच 303 वर उभं राहिलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाउस, म्हणजे हाउसचाच एक प्रकार, तिच्यानंतरचं आहे. सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस युरोपात जाऊन स्टेजवर हे वाजवत होता. गोव्यात हणजूणचा डीजे गोवा गिल साठीनंतरही सलग चोवीस तास सेट वाजवायचा. 2023 मध्ये बहात्तराव्या वर्षी तो गेला. आणि टोकियोत सुमिको इवामुरो म्हणून एक बाई आहेत. त्यांनी जेवणाचं हॉटेल सांभाळत सत्तरीनंतर डीजेचं काम शिकून घेतलं, आणि 2018 मध्ये 83 वर्षांच्या असताना जगातल्या सर्वांत वयस्क व्यावसायिक क्लब डीजे म्हणून गिनीजमध्ये त्यांची नोंद झाली. वाजवणारे या वयाचे चालतात, तर नाचणारे का चालू नयेत?

आता कानांचं. माझं बाकी काही ऐकलं नाहीस तरी हे ऐक.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंड घासून साफ करायला, बसणारी पोरं कानात प्लग घालतात, ते तू रोज बघतेस. त्यामागचा हिशेब असा: 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्म्यावर येतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. क्लबमध्ये स्पीकरजवळ 100 म्हणजे रोजचीच गोष्ट, आणि तू तिथं चार-चार तास असतेस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको, आलेल्यांना प्लग मिळायला हवेत, कान विसावायला शांत कोपरा हवा. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच नसतं. म्हणून आपली तयारी आपण करायची. आतल्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजते, ती सकाळपर्यंत जाते, आणि आपण म्हणतो झालं बरं. पण ती इशारा देऊन गेलेली असते. पुढं कधीतरी ती जातच नाही.

केमिस्टकडं मिळणारे फोमचे प्लग चालतात, मात्र नीट घालायला शिक. बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर काही उपयोग नाही. फोममुळं वरचे सूर जास्त बुजतात, झांजेसारखा हाय-हॅट मंद होतो. ते खटकत असेल तर वाजवणाऱ्यांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते घे. सगळं सारख्या प्रमाणात खाली येतं, आणि खरं सांगते, आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. स्पीकरला चिकटून नाचू नकोस. दोन्ही बाजूंच्या स्पीकरपासून सारख्या अंतरावर, साउंडवाल्याच्या टेबलापुढं उभी राहा, तिथला आवाज सगळ्यांत बरोबर लावलेला असतो. आणि हेच प्लग आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना आणि गणपतीच्या मिरवणुकीतही घालत जा. डॉल्बीची भिंत गोव्याच्या कुठल्याही क्लबपेक्षा कमी नाही, आणि आपण तिच्यापुढं लहान लेकरं खांद्यावर घेऊन उभे राहतो. ते बघून माझा जीव तुटतो.

शरीर बदलतं, तसं संगीत निवडावं. मिनिटाला 120 ते 125 ठोक्यांचं हाउस असेल तर मी तीन तास सहज नाचते. सायट्रान्स हा गोव्यातला दुसरा प्रकार 140 च्या पुढं जातो, त्यावर अर्ध्या तासात पोटऱ्या भरतात. म्हणून घर सोडण्याआधी कोण वाजवणार आहे हे बघ, त्याचे सेट ऐक, वेग बघ. नाचताना उड्या मारण्यापेक्षा गुडघे किंचित वाकवून वजन या पायावरून त्या पायावर नेत राहिलं की गुडघे दुसऱ्या दिवशी तक्रार करत नाहीत. चप्पल नको, सपाट तळव्याचे बूट घाल. दुपारी दोन तास झोप, आठच्या आत हलकं जेवण.

पाळी जायच्या वयात अंगातून अचानक आग निघते, दिव्यांच्या झळीत तर नको होतं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. सुती कपडे, पिशवीत एक जादा कुर्ती, आणि बाहेर जायचा रस्ता माहीत असलेली जागा. बाहेर दहा मिनिटं वाऱ्यावर बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत यायचं.

रात्रभर जागणं झेपत नसेल तर दुपारच्या पार्ट्या असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळं गोव्यात चार-पाचला सुरू होऊन दहाला संपणारे कार्यक्रम पुष्कळ. समुद्रावर सूर्य उतरत असताना नाचून अकराला अंथरुणात! माझ्या वयाच्या बायकांना मी हेच सुचवते, आणि लेकरं झाल्यावर तुलाही हेच सोयीचं पडेल.

वयानं एक गोष्ट दिली, ती ऐकायची सवय. विशीत आपण ओळखीच्या गाण्याची वाट बघत उभे असतो. पुढच्या खेपेला डीजेच्या हातांकडं बघ. चालू ट्रॅकचा किक, म्हणजे खालचा जाड ठोका, तसाच ठेवून तो दुसऱ्याचा हाय-हॅट हळूच आत सोडतो. दोन्हींचा वेग आधीच जुळवलेला असतो. मग आठ किंवा सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार) झाले की एकाच क्षणी एकाचा बास कापतो आणि दुसऱ्याचा उघडतो. दोन बास एकमेकांवर राहिले तर सगळं घुसमटतं. ही अदलाबदल नेमकी झाली तर गर्दीला काही कळत नाही, पायांना मात्र बरोबर कळतं. ते कळायला लागलं की मोबाइल वर धरून शूटिंग करावंसं वाटत नाही. बर्लिनच्या बर्गहाइनमध्ये तर दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. आपण तो मनानंच लावावा. आपल्या गावात कुणाचा व्हिडिओ कुणाच्या ग्रुपवर जाईल याचा नेम नाही. म्हणून दुसऱ्याचंही शूटिंग करू नये.

सासूबाईंचं घाटाचं म्हणणं आजही खरं आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी हा रस्ता दिवसा देखणा आहे. पण पावसाळ्यात धुकं आलं की बोनेटपुढचं दिसत नाही, आणि पहाटे तीनला झोपेनं जड झालेल्या ड्रायव्हरला प्यायलेल्यापेक्षा चांगलं म्हणता येत नाही. आम्ही म्हापशाला खोली घेतो आणि सकाळी पोटभर खाऊन निघतो. आमच्या गाडीत कन्नड, मराठी, कोकणी तिन्ही चालतात. त्यात एक नियम सगळ्यांना मान्य आहे, की रात्री कुणीही बेळगावची वाट धरायची नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा बाहेर पडायची दुसरी वाट शोधायची. हसू नकोस. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली. त्यात बहुतेक तिथं राबणारी होती. दार एकच असेल, जिना अरुंद असेल, छताला गवत किंवा कापड लावलेलं असेल आणि आत आतषबाजी चालली असेल, तर तिकिटाचे पैसे गेले समजून निघून ये. पुढं डीजे कितीही मोठा असो.

आणि नशेच्या गोळ्या. कुणी देईल, प्रेमानं देईल. घ्यायची नाही. तो गुन्हा आहेच, शिवाय आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. गर्दीत अंग तापतं, आणि चाळिशीनंतर ज्याची बीपीची गोळी चालू आहे त्याच्या हृदयावर तो खेळ जीवघेणा होऊ शकतो. दारूचं तू तुझं ठरव. मी लिंबूपाणी पिते, कारण मला डोक्यात बास हवा असतो, दुसरं काही नको.

नोव्हेंबरात सीझन लागला की आम्ही जाणार आहोत, शनिवारी दुपारी निघून रविवारी परत. तोवर तुझं लग्न झालेलं असेल. निपाणीकर येणार असेल तर त्याच्यासाठीही प्लग आणून ठेवते, कानाचं माप नको, फोमचे बहुतेकांना बसतात. त्याला विचारून दसऱ्याच्या आत कळव, म्हापशाच्या खोल्या तेव्हाच सांगून ठेवाव्या लागतात.

तुझी,
अक्का