फायबर १०० चं, वायफायवर मिळतं १२. रिपीटर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं: साताऱ्यात पेठेतलं जुनं दगडी घर, १०० एमबीपीएसचा प्लॅन, राऊटर सोप्यात टीव्हीमागे आणि माजघरात मोबाइलवर जेमतेम १२. कंपनीवाले म्हणतात, लाइन ओके आहे.

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे टाकणारं यंत्र, आत्ता घेऊ नका. मी साताऱ्यातच नेटवर्किंगची कामं करतो आणि आधी एवढंच बघतो की लाइन स्लो आहे की नुसतं वायफाय. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. ९०-९५ आलं तर लाइन ठणठणीत आहे. केबलवरही १२ च आलं तर दुसरी केबल लावून बघा, तरी तेच आलं तर सरळ तक्रार नोंदवा.

लाइन चांगली निघाली तर मोबाइल घेऊन राऊटरसमोर या. राऊटरचं वायफाय साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर पेठेत गर्दी असणारच, घराला घर लागलेलं. या बँडवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल (बँडचे छोटे भाग) तीनच धरायची: १, ६ आणि ११. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये यातलं मोकळं दिसेल ते निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ४ निवडलंत तर १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये वायफायची सिक्युरिटी (एन्क्रिप्शनची पद्धत) डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. टीकेआयपी ही जुनी पद्धत असेल तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही.

५ गिगाहर्ट्झवर समोर ९० आणि माजघरात रेंजच नाही, असं झालं तर दुखणं भिंतीत आहे. विटेच्या भिंतीतून तो सिग्नल कसाबसा जातो, पण काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंतीत बहुतेक संपतोच. मात्र याच घरांत लाकूडही असतं, त्याचा फायदा घ्या. राऊटर टीव्हीमागून काढा आणि सोपा-माजघराच्या दारातून आतपर्यंत सरळ नजर जाईल अशा जागी छातीच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट मध्ये नको. माडीवर नेट हवं असेल तर तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, बघा. वर मातीचा जाड थर नसेल तर फळ्यांतून सिग्नल दगडापेक्षा कितीतरी सहज जातो. राऊटर हलवताना फायबरची वायर मात्र दुमडू देऊ नका.

एवढ्यानेही भागलं नाही तरी रिपीटर शेवटचाच. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय तुम्ही तो लावणार माजघरात, म्हणजे सिग्नल मेलाय तिथेच. त्यापेक्षा चौकटीच्या कडेने केसिंग पट्टीतून एक लॅन केबल आत न्या आणि टोकाला दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (केबलने आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवणारा मोड) लावा. तो मोड नसेल तर दुसऱ्या राऊटरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) पहिल्यापेक्षा वेगळा करा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना असे पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये घाला. नाव-पासवर्ड पहिल्याचाच, चॅनेल वेगळं.

लॅन केबल कॅट ६ दर्जाची घ्या, पण दुकानात शुद्ध तांब्याची आहे का ते विचारून. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. स्वस्त पडतं, पण वाकवताना आतली तार तुटते आणि मग दोष कुठे आहे तेच सापडत नाही.